साबुदाण्याची वीण की वेणी?

शेजारच्या वहिनींना नवऱ्यासाठी पहिलाच स्वेटर विणायचाय. वीण कोणती घ्यावी, दाणेदार साबुदाण्याची की पिळाची वेणी, यावर अडलंय.

साबुदाणा शिकायला दहा मिनिटं पुरतात. टाके विषम घ्या, प्रत्येक ओळीत एक टाका सुलट, एक उलट. समोर गाठ दिसली की सुलट, सपाट दिसलं की उलट. चुकलं तर तिथेच दिसतं. कापड दोन्हीकडून सारखं, कडा वळत नाहीत. पण दर टाक्याला लोकर पुढे-मागे घ्यावी लागते. मनगट बोलायला लागतं!

वेणी दिसते तेवढी अवघड नाही. सहा टाक्यांची असेल तर तीन टाके जादा सुईवर पुढे धरायचे, पुढचे तीन विणायचे, मग धरलेले. असा पीळ साधारण दर सहाव्या ओळीला. ओळी मोजायला चुकलात की उसवणं आलंच. वेणी कापड आत ओढते, लोकर जास्त खाते, म्हणून आधी नमुना विणून मापा. लोकरीच्या गुंडाळ्यांचा नेहमीचा हिशेब इथे फसतो.

ऊब वेणीत जास्त. पण कोल्हापुरात रंकाळा तलावावर पहाटे फिरायला एवढा जाड स्वेटर कशाला? त्याला साबुदाणा बास. महाबळेश्वरला किंवा उत्तरेत नोकरीला जाणाऱ्यासाठी वेणी घाला. वहिनींनी मात्र आधी साबुदाणाच घ्यावा, तोही अंगभर नको, नुसता छातीच्या पट्ट्यात.