चार्जिंगचा एअर पंप, आठ महिन्यांनंतर: लातूर ते संभाजीनगर आणि तो लाल दिवा

गेल्या आठवड्यात पंपाची चार्जिंगची पिन गेली. विक्रेत्याशी फोनवर तीन दिवस वाद झाला, आणि म्हणून आज लिहायला बसले. पंप म्हणजे माशांच्या टँकमध्ये हवा सोडणारा, तळहातावर मावणारा, दोन नळ्यांचा, मोबाईलच्या चार्जरवर चार्ज होणारा आणि ‘ऑटो’वर ठेवला की लाईट गेल्यावर आपोआप सुरू होणारा. ८५० रुपयांना घेतला. खोक्यावर काय छापलंय ते सगळ्यांना माहीत आहे, ते पुन्हा लिहीत नाही.

घेतला होता मासे न्यायला. ह्यांची लातूरहून संभाजीनगरला बदली मे महिन्यात झाली. घरात तीन फुटी टँक, त्यात दोन ओरांडा गोल्डफिश आणि एक सकर, म्हणजे काचेला तोंडानं चिकटून राहणारा मासा. थोरला ओरांडा पाच वर्षांचा, मुलगा बालवाडीत असताना आणलेला. सासूबाई म्हणाल्या, “देऊन टाक की कुणाला, तिथं गेल्यावर नवे घ्या.” मुलगा त्या रात्री जेवला नाही. मग मासे न्यायचेच असं ठरलं.

सामानाच्या टेम्पोवाल्या दादांचं म्हणणं, “ताई, पाणी अर्धं ठिवा, आमी दोघं उचलतो की.” मी साफ नाही म्हटलं. तीन बाय एक बाय दीड फुटाच्या टँकमध्ये १२७ लिटरच्या आसपास पाणी मावतं. अर्धं म्हटलं तरी साठ किलोच्या वर वजन, तेही हिंदकळणारं. काचेचे सिलिकॉनचे सांधे एका जागी बसून राहायला केलेले असतात, जिन्यावरून उतरायला नाही. टँक पूर्ण रिकामा करून थर्माकोलवर ठेवून नेला. दोन कॅन जुनं पाणी बरोबर घेतलं आणि उरलेलं शेजारच्या काकूंच्या मोगऱ्याला आणि तुळशीला घातलं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं ज्या लातुरानं पाहिलंय, तिथं चाळीस लिटर पाणी मोरीत ओतायला हात धजत नाही.

मासे कशात न्यायचे, यावर मात्र मी अजूनही खूश आहे. लग्नात, दुकानात ठेवतात ते थंड पाण्याचे जार, रुंद झाकणाचे, खाली तोटी असलेले. दोन जार मागून आणले. ते आतून जाड भरावाचे असल्यानं बाहेरचं ऊन आत पोचत नाही. मे महिन्यात हे फार महत्त्वाचं, कारण पाणी तापलं की त्यातला ऑक्सिजन कमी होतो. २० अंशाला लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशाला साडेसातच. निघताना पाणी २८ अंश होतं, पोचल्यावर २९. एका जारमध्ये दोन्ही ओरांडा, दुसऱ्यात सकर. सकरला जाळीनं धरू नका. त्याच्या परांचे काटे जाळीत अडकतात आणि सोडवताना तोच जखमी होतो. प्लास्टिकचा डबा पाण्यात आडवा धरून त्याला हळूच आत ढकलायचं. आधीचे दोन दिवस कुणालाही खाणं दिलं नव्हतं, म्हणजे वाटेत जारमध्ये घाण कमी.

आता पंप. दोन नळ्या, दोन जार, हिशेब जुळला. आदल्या रात्री चार्जिंगला लावला. पहाटे साडेचारला निघालो, रेणापूर फाटा, अंबाजोगाई, केज. पंप पायाशी ठेवलेला, लाल दिवा चालू. मांजरसुंब्याला चहाला थांबलो. जारचं झाकण उचललं तर पाणी स्तब्ध. एक बुडबुडा नाही. थोरला ओरांडा वर येऊन तोंडाची उघडझाप करत होता. आणि लाल दिवा तसाच जळत होता!

हा दिवा एकच आहे. चार्ज होताना लाल, चालताना लाल, भरल्यावर लाल, संपत आल्यावरही लाल. बॅटरी उतरली की मोटारीला जोर पुरत नाही, पण एवढ्याशा दिव्याला पुरतो. म्हणजे पंप बंद आणि दिवा सांगतोय की सगळं ठीक आहे. मी हॉटेलातून तांब्या मागून घेतला आणि जारमधलंच पाणी वरून धार धरून पुन्हा पुन्हा ओतत राहिले, हवा मिसळावी म्हणून. ह्यांनी पॉवर बँक जोडली, तेव्हा घरघर सुरू झाली. बीड, गेवराई, पाचोड, संभाजीनगर येईपर्यंत मी झाकण हातातच धरून बसले होते.

पोचल्यावर मी या पंपाला एक स्टार द्यायचा ठरवलं होतं. मत बदललं ते जूनमध्ये. एका रात्री दोनदा लाईट गेली आणि पंप ऑटोवर आपोआप सुरू झालेला मी अंधारात ऐकला, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. लातूरच्या त्या शेवटच्या रात्रीही लाईट गेली होती. बटण ऑटोवर होतं. पंप रात्रभर रिकाम्या हवेत चालला असणार आणि सकाळी आम्ही अर्धामुर्धा चार्ज झालेला उचलून आणला. पंप खोटा नव्हता, बटण मीच पाहिलं नाही. पण दिव्यानं सांगितलं असतं तर मी पाहिलंच असतं. तेव्हापासून किराण्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर वेळा लिहून ठेवते. जूनमध्ये दोन दगडांवर (नळीच्या टोकाला लावायचे, बुडबुडे सोडणारे सच्छिद्र दगड) ७ तास १० मिनिटं, एका दगडावर नऊच्या जवळ. डिसेंबरमध्ये दोन दगडांवर ५ तास ४०.

नव्या घरी टँक नीट बसला तो पंपामुळे नाही, फिल्टरच्या स्पंजमुळे. माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जीवाणू पाण्यात कमी आणि स्पंजवर जास्त असतात. स्पंज टँकच्याच पाण्यात, झाकण सैल ठेवलेल्या डब्यातून आणला. तो वाळला किंवा नळाच्या क्लोरीनच्या पाण्याखाली धुतला की सगळं पहिल्यापासून. इथं नळाला रोज पाणी येत नाही, साठवावं लागतं, आणि मला त्याला लातूरपेक्षा जास्त वास वाटला, म्हणून क्लोरीन मारायचे थेंब घातले. तिसऱ्या दिवशी अमोनियाची टेस्ट पिवळ्याऐवजी किंचित हिरवट आली, तेव्हा खाणं निम्मं केलं आणि रोज दोन बादल्या पाणी बदललं. दहाव्या दिवशी पुन्हा पिवळी.

आता पैशाचं बोलते, कारण कुणी मला आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. फक्त घर बदलायचं असेल तर हा पंप घेऊ नका. लातूरचा मासेवाला दुहेरी पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग ऑक्सिजन भरून द्यायला तयार होता, पिशवीला ३० रुपये. सहा-सात तासांना ते भरपूर झालं असतं. सकरच्या काट्यांसाठी तेवढी पिशवी डब्यात ठेवावी लागली असती, एवढंच. एक लक्षात ठेवा. बंद पिशवीत माशांच्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडनं पाणी आम्ल होतं आणि त्यामुळे अमोनियाचा त्रास दबून राहतो. लांबच्या प्रवासानंतर पिशवी उघडली की तो वायू उडून जातो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून पिशवी बंदच ठेवून तरंगवायची, तापमान जुळलं की उघडून मासे लगेच टँकमध्ये सोडायचे, पिशवीतलं पाणी फेकायचं. माझा जार उघडा होता, हवा चालू होती, त्यामुळे मी दर दहा मिनिटांनी अर्धा तांब्या नवं पाणी घालत दीड तास घेतला, ते चाललं.

पण तुमच्याकडे लाईट जात असेल आणि गोल्डफिश असतील, तर घ्या. या पावसाळ्यात माझा टँक याच पंपानं सांभाळला. एकदा सलग पाच तास लाईट नव्हती, मासे जसेच्या तसे.

आणि खोक्यात नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे नळीतून पाणी उलटं पंपात येऊ न देणारी झडप, नाही, तो २० रुपयांचा वेगळा घ्या. वादाचं मूळ तेच. विक्रेता म्हणाला, “मॅडम, आत पाणी शिरलंय, वॉरंटीत बसत नाही.” पाणी शिरलं होतं हे खरं. मांजरसुंब्याला पंप बंद पडला तेव्हा तो जारच्या खाली होता, नळीतून पाणी उलटं उतरलं. पिनवर हिरवा गंज होता तो तेव्हापासूनचा. मी विचारलं, वीस रुपयांचा व्हॉल्व्ह खोक्यात का नाही, आणि बंद पडलाय हे सांगणारा दिवा का नाही? उत्तर आलं नाही. तिसऱ्या दिवशी फोन उचलणंच बंद.

शेवटी कोपऱ्यावरच्या मोबाईल दुरुस्तीवाल्या मुलाकडे नेला. त्यानं पंप उघडला, गंज ब्रशनं साफ केला, नवी पिन बसवली, १५० रुपये. वहीतलं पान मी त्याला दाखवलं होतं. तो म्हणाला, “काकू, बॅटरीला चार दिव्यांची पट्टी येते, लावून देऊ का? साठ रुपये.” नखाएवढी पट्टी, चार हिरवे ठिपके. डब्याला खाच पाडून त्यानं ती बाहेरून दिसेल अशी बसवली आणि कडेनं सिलिकॉन लावलं.

काल रात्री अकराला लाईट गेली. मुलगा टॉर्च घेऊन टँकजवळ गेला आणि तिथूनच ओरडला, “आई, चारही आहेत!” दोनला लाईट आली तेव्हा दोन शिल्लक होते. थोरला ओरांडा खाली वाळूशी स्थिर होता.