वासरांसाठीची प्रोबायोटिक पुडी: यकृताचा दावा कितपत खरा?

चिपळूणच्या पशुखाद्याच्या दुकानात मिळणारी, जिवंत यीस्ट आणि लॅक्टोबॅसिलस हे उपयुक्त सूक्ष्मजीव असलेली वासरांची पुडी आम्ही गेल्या पावसाळ्यात गोठ्यात वापरली. ही भुकटी आतडे सुधारते आणि यकृताची प्रतिकारशक्ती वाढवते, असे वेष्टनावर लिहिलेले आहे. यातील दुसरा दावा वाचून पुष्कळ जण पुडी घेतात, म्हणून त्याच्याविषयी आधी लिहितो.

आतडे आणि यकृत यांचा संबंध खरा आहे. आतड्यातून निघणारे रक्त पोर्टल शिरेतून थेट यकृतात जाते आणि त्याबरोबर जिवाणूंचे तुकडे व विषारी घटकही जातात. यकृतातील कुप्फर पेशी या नाक्यावरच्या पहारेकऱ्यांप्रमाणे ते अडवतात. आतड्याचे अस्तर शाबूत असेल तर हा भार पेलवण्याजोगा राहतो. हगवणीने ते सोलवटले की भार वाढतो आणि वाढीला लागणारी शक्ती दाह आवरण्यात खर्च होते. यकृतातून येणारे पित्तही आतड्यात कोणते सूक्ष्मजीव टिकतील हे काही अंशी ठरवते. म्हणजे पुडीचा यकृताला होणारा लाभ आतड्यामार्फत, आडवळणाने होतो. पुडी यकृतावर थेट काम करत नाही, आणि वेष्टनावर हे स्पष्ट लिहायला हवे होते.

अनुभव असा की, दुधावरून आंबोणावर येणाऱ्या पाडीला पुडी सुरू केल्यावर तिचे पिवळट, पाण्यासारखे शेण घट्ट होत गेले, शेपटीला चिकटलेले केस सुटे झाले आणि ती गव्हाणीत स्वतःहून तोंड घालू लागली. मात्र त्याच वेळी आम्ही आंबोणही कमी केले होते, त्यामुळे सगळे श्रेय पुडीला देणे योग्य होणार नाही. ऐन हगवणीत अंग थंड पडलेल्या, डोळे खोल गेलेल्या वासराला पुडीचा उपयोग नाही. त्याला क्षार-पाणी आणि पशुवैद्यक लागतात.

वेष्टनाबद्दल माझी तक्रार आहे. आपल्याकडच्या आषाढातील दमट हवेत उघडलेल्या पुडीचे गठ्ठे होतात, आणि ओल लागलेल्या भुकटीतील सूक्ष्मजीव फार काळ जिवंत राहत नाहीत. घट्ट झाकणाचा डबा किंवा एका वेळेपुरत्या लहान पुड्या दिल्या असत्या तर बरे झाले असते. कढत दुधात भुकटी घालू नये, हेही कुठे लिहिलेले नाही. प्रतिजैविक चालू असताना पुडीतले लॅक्टोबॅसिलस मरू शकतात, यीस्ट सहसा टिकते. हे सांगणारी एक ओळ छापायला कंपनीला काय अडचण होती, हे कळत नाही.

पुडीपेक्षा चिकाचे महत्त्व मोठे आहे. गाईच्या वारेतून वासराला प्रतिपिंडे मिळत नाहीत, ती चिकातूनच मिळतात; आतड्याची ती शोषण्याची क्षमता तासागणिक घटते आणि पहिल्या २४ तासांत जवळपास संपते. २० किलोच्या वासराच्या पोटात पहिल्या काही तासांत सुमारे २ लिटर चीक गेला पाहिजे, म्हणून खरवसासाठी पहिल्या धारेचा चीक बाजूला काढणे मला मान्य नाही. नंतरच्या चिकाचाही खरवस होतो. बेंबीला टिंक्चर आयोडीन लावणेही तितकेच आवश्यक आहे, कारण नाळेची शीर यकृतालाच मिळते आणि ओल्या गोठ्यातील जंतूंना तिथून वाट सापडते.

मोठ्या वासरांच्या बाबतीत गणपतीत उरलेला भात टोपलीभर घालणे हा खरा धोका आहे. त्याने कोटीपोटात (रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या, मोठ्या पोटात) आम्ल वाढते, पोटाच्या अस्तराला इजा होते आणि फ्युजोबॅक्टेरियमसारखे जिवाणू रक्तातून यकृतात जाऊन तिथे गळू करू शकतात. अशा वेळी पुडीवर विसंबून राहू नये.

खाद्य बदलताना किंवा प्रतिजैविकांचा क्रम संपल्यावर काही दिवस देण्यापुरती ही पुडी मी पुन्हा घेईन, परंतु मोठे पाकीट नव्हे, लहानच, आणि तेही दुकानदाराने थंड, कोरड्या कपाटात ठेवलेले असेल तरच.