आप्पांच्या ऑक्सिजन मशीनचा यूपीएस घेताना मी कसा फसलो

घरात ऑक्सिजनचं मशीन आहे आणि त्यासाठी यूपीएस, म्हणजे लाईट गेल्यावर बॅटरीवर मशीन चालू ठेवणारा डबा, घ्यायचं चाललंय, अशा प्रत्येकासाठी हे लिहितोय. माझे ३६,५०० रुपये गेले. पैशाचं दुःख आहेच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्या संध्याकाळी माझ्या वडिलांचा श्वास एका खोट्या स्टिकरवर अवलंबून होता आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

आम्ही सांगलीत गावभागात राहतो. आप्पा ७४ वर्षांचे आहेत, फुप्फुसं कडक होत जाण्याचा आजार आहे. मिरजेच्या डॉक्टरांनी दोन लिटरवर रोज १६ तास ऑक्सिजन सांगितलाय. त्यासाठी ५ लिटरचं कॉन्सन्ट्रेटर घेतलं. हे मशीन खोलीतलीच हवा ओढतं, त्यातला नायट्रोजन अडवतं आणि ९० टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन नळीतून देतं. सगळं काम आतल्या कॉम्प्रेसरवर, म्हणजे विजेवर. लाईट गेली की मशीन बंद, आणि आल्यावरही पूर्ण ताकदीचा ऑक्सिजन यायला काही मिनिटं जातात.

गावभागात राहणाऱ्याला लाईटचं वेगळं सांगायला नको. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. कृष्णेचं पाणी चढायला लागलं की वीज बंद करावीच लागते. पूर सोडा, एप्रिल-मे महिन्यात वळीव आला, कुठंतरी फांदी तारेवर पडली, की दोन-दोन तास अंधार. म्हणून मशीन घरी आलं त्याच आठवड्यात मी यूपीएस शोधायला निघालो.

ज्या दुकानात गेलो त्याचं नाव लिहीत नाही, प्रकरण चालू आहे. दुकानदार गोड बोलणारा. आप्पांचं ऐकल्यावर खुर्ची पुढं केली, चहा मागवला. म्हणाला, "दादा, मेडिकल मशीनला ऑनलाइनच यूपीएस लागतो. साध्यानं चालत नाही. एक केव्हीएचा देतो, ६५ एएचच्या दोन बॅटऱ्या. चार तास कुठं नाही." मी विचारलं, नक्की चार तास? म्हणाला, "माझी जबाबदारी." (ऑनलाइन म्हणजे इथं इंटरनेट नव्हे, यूपीएसचा एक प्रकार. केव्हीए म्हणजे यूपीएस किती लोड उचलतो त्याचं माप, आणि एएच म्हणजे बॅटरीत किती वीज साठते त्याचं.)

आता कळतंय की त्यानं एक प्रश्न विचारलाच नव्हता: मशीन किती वॅटचं आहे? आमच्या मशीनच्या पाठीवर ३५० वॅट लिहिलंय. लोड माहीत नसताना जो तास सांगतो, तो अंदाजानं बोलत असतो किंवा खोटं बोलत असतो. पण त्या वेळी मला फक्त "चार तास" एवढंच ऐकू आलं. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, जीएसटी वर पडेल. मशीनचं, औषधांचं, आधीच एवढं झालं होतं की मी कच्च्या चिठ्ठीवर मान डोलावली. चिठ्ठीवर लिहिलं होतं: "यूपीएस सेट बॅटरीसह, १ नग." ना मॉडेल, ना बॅटरीचा नंबर, ना एएच.

दुसऱ्या दिवशी त्याचा पोरगा सामान घेऊन आला. बॅटऱ्या लोखंडी पेटीत बसवूनच आणल्या होत्या, झाकणाला चार स्क्रू. एक एलईडी बल्ब लावला, मेन स्विच बंद केला, बल्ब पेटलेलाच राहिला. "बघा काका, कट नाही," असं आईला दाखवून गेला. नऊ वॅटच्या बल्बवर कुठलाही यूपीएस तासन्‌तास चालतो. आप्पांचं मशीन तिथंच शेजारी होतं, पण ते त्यावर लावून बघावं हे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही.

मे महिन्यात वळवाच्या पहिल्याच मोठ्या झोडीत सात वाजून दहा मिनिटांनी लाईट गेली. यूपीएसमधून टक् असा आवाज आला आणि मशीन चालू राहिलं, पण आवाज बदलला. रोजचा त्याचा आवाज पिठाच्या गिरणीसारखा एकसुरी असतो, तो घरघर करायला लागला. आप्पा म्हणाले, "कण्हतंय बघ ते." मी म्हटलं, चालू आहे ना, असू दे. सात अठ्ठेचाळीसला यूपीएस ओरडायला लागला आणि मिनिटाच्या आत सगळं बंद. मशीनचा अलार्म, यूपीएसचा अलार्म, बाहेर पाऊस.

घरात ऑक्सिजनचा छोटा बी टाइप सिलिंडर होता, डॉक्टरांनीच आग्रहानं ठेवायला लावला होता. सिलिंडर होता, पण त्याचा पाना सापडेना. मोबाईलच्या उजेडात मी आणि बायको कपाटं, फडताळं, देवघराखालचा खण उचकत होतो, आई आप्पांची पाठ चोळत होती. बोटातल्या ऑक्सिमीटरवर ९१, ८८, ८५ दिसत गेलं. पाना निघाला पंक्चरच्या किटमध्ये, कारण मीच मागच्या महिन्यात तो तिथं टाकला होता. आप्पांना काही झालं नाही, पण त्या दहा मिनिटांनंतर आई रात्रभर झोपली नाही.

सकाळी दुकानात फोन लावला. "लोड जास्त पडत असेल दादा, पंखा वगैरे लावला असणार तुम्ही." काही लावलं नव्हतं. मी मार्केट यार्डात हळदीच्या आडतीवर दिवाणजी आहे. ओळखीचा एक इलेक्ट्रिशियन आमच्या आडतीचं काम बघतो, त्याला घरी आणलं. त्यानं पेटीचे स्क्रू काढले, बॅटरी हातात धरली आणि लगेच म्हणाला, "ही पासष्टची नाही. चला, काट्यावर टाकू."

ज्या काट्यावर रोज हळदीची पोती तोलतो, त्यावर ती बॅटरी ठेवली. १३ किलो २०० ग्रॅम. दुसरी १३ किलो ४००. बारा व्होल्टची ६५ एएचची सीलबंद बॅटरी २० किलोच्या पुढं असते. १३-१४ किलो म्हणजे ४२ एएच. बॅटरीत शिसं असतं, आणि शिशाला खोटं बोलता येत नाही. मग त्यानं स्टिकरचा कोपरा नखानं उचलला. खाली दुसरं स्टिकर, त्यावर ४२, आणि तारखेच्या जागी कुणीतरी घासून काढलेलं. टर्मिनलवर आधीच्या नटांचे वळ गोल उमटलेले. कुठल्यातरी एटीएममधून किंवा ऑफिसमधून काढलेल्या जुन्या बॅटऱ्यांना नवा कपडा चढवला होता.

यूपीएसचंही तेच. त्यानं मीटर लावला. घरात त्या वेळी २०८ व्होल्ट येत होते, यूपीएसमधून बाहेरही २०८. ऑनलाइन यूपीएस येणारी वीज आधी डीसी करतो आणि त्यातून नवी एसी बनवतो, त्यामुळं बाहेर कायम २३० च्या आसपास मिळतात आणि लाईट गेल्यावर टक् आवाज करून बदलायचं कामच नसतं. तो टक् आवाज रिलेचा, म्हणजे मेनवरून बॅटरीवर बदलणाऱ्या आतल्या स्विचचा. म्हणजे हा लाइन इंटरॅक्टिव्ह होता, ऑफिसातल्या कॉम्प्युटरला लावतात तसला. बॅटरीवर गेला की त्याच्या विजेची लहर शुद्ध साइन, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत, नसते, पायऱ्यापायऱ्यांची असते. कॉम्प्युटर ती चालवून घेतो, पण कॉम्प्रेसरच्या मोटरला ती जड जाते, मोटर गरम होते, कण्हते. आप्पांना कानानं कळलं ते मला कळलं नाही.

आणखी एक गोष्ट त्यानं दाखवली, जी मी कुठंच ऐकली नव्हती. असल्या छोट्या यूपीएसचा चार्जर आतल्या सात-नऊ एएचच्या बॅटरीसाठी बनवलेला असतो, जेमतेम एक अँपिअरचा. बॅटरीच्या एएचच्या साधारण दहावा हिस्सा चार्जिंग लागतं, म्हणजे ६५ ला सहा-साडेसहा अँपिअर. समजा बॅटऱ्या खऱ्या असत्या तरी एकदा रिकाम्या झाल्यावर त्या भरायला तीन दिवस गेले असते. पुराच्या दिवसांत दिवसातून तीनदा लाईट जाते, तिथं हा यूपीएस दुसऱ्या वेळी शोभेचाच राहिला असता.

तासांचा हिशोब त्यानं आडतीच्या वहीच्या मागच्या पानावर करून दिला. बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या म्हणजे २४ व्होल्ट, गुणिले ६५ एएच म्हणजे १,५६० वॅट-अवर, एवढी वीज साठते. यूपीएस स्वतः पंधरा टक्के खातो, म्हणजे ३५० च्या मशीनला बॅटरीतून चारशेच्या वर ओढलं जातं. आणि बॅटरीवर लिहिलेलं एएच २० तासांत हळूहळू वापरली तर मिळतं, तीन तासांत उपसली तर पाऊण हिस्साच हाती लागतो. म्हणजे नव्या कोऱ्या पासष्टच्या बॅटऱ्यांवरही तीन तास मिळाले तर नशीब. चार तास हा शब्द पहिल्या दिवसापासूनच खोटा होता.

त्यानं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली, ती मला महत्त्वाची वाटते. कॉन्सन्ट्रेटरला ऑनलाइन लागतोच असं नाही. आठ-दहा मिलिसेकंदांच्या खंडानं त्याचं काही बिघडत नाही. व्हेंटिलेटर किंवा लॅबमधलं ॲनालायझर असेल तर गोष्ट वेगळी. आपल्याला हवी शुद्ध साइन लहर, कॉम्प्रेसर सुरू होताना ओढला जाणारा कितीतरी पट जास्त करंट झेलायची ताकद, आणि पुरेशी बॅटरी. म्हणजे त्या दुकानदारानं आधी मला नको असलेल्या वस्तूची भीती घातली, आणि मग ती वस्तूही दिली नाही.

आता आमच्याकडं शुद्ध साइन लहरीचा मोठा इन्व्हर्टर आणि १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी आहे. तिच्यातून चार्ज होताना वायू निघतो म्हणून ती आप्पांच्या खोलीत नाही, पडवीत ठेवलीय. पैसे देण्याआधी मी अट घातली: आमचं मशीन लावायचं, मेन बंद करायचा आणि घड्याळ लावून बसायचं. आप्पांचा ऑक्सिजनशिवायचा दुपारचा वेळ निवडला. दुकानदार तयार झाला. दोन तास चाळीस मिनिटांनी आम्हीच बंद केलं, तोवर मशीनचा आवाज जराही बदलला नव्हता. जो दुकानदार या चाचणीला नाही म्हणेल, त्याच्याकडून उठून या. बॅटरी पेटीबाहेर काढून वजन करायला सांगा, भाजी मंडईतला काटाही चालेल. स्टिकरचे कोपरे बघा, टर्मिनल बघा. यूपीएसवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) 'आर' पासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तो बीआयएस केअर ॲपवर टाकून बघा. आणि बिलावर व्हीए (हजार व्हीए म्हणजे एक केव्हीए) सोबत वॅट, लहर कुठली, चार्जर किती अँपिअरचा, प्रत्येक बॅटरीचा एएच आणि सीरियल नंबर लिहून घ्या. एक केव्हीए म्हणजे हजार वॅट नव्हे. कुठं ८०० असतात, कुठं ६०० च.

पक्कं बिल नसल्यानं माझं सगळंच संपलं असं मला वाटलं होतं. तसं नाही. निम्मे पैसे यूपीआयनं दिले होते, ती नोंद आहे. "६५ एएच x २, ऑनलाइन" असा त्याचा व्हॉट्सॲपवरचा मेसेज आहे. काट्याची पावती आहे, स्टिकर सोलतानाचे फोटो आहेत. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, वकिलामार्फत नोटीस दिली. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, हे मला वकिलांनी सांगितलं. नोटीस गेल्यावर दुकानदाराचा फोन आला, "दादा, घरातल्यासारखं मिटवू, १२,००० घ्या." मी नाही म्हटलं. बायको म्हणते घ्यायला हवे होते. कदाचित तिचं बरोबर असेल, पण तोच सेट तो उद्या दुसऱ्या कुणाच्या आई-बापाला विकणार.

तसा त्यानं विकलेलाही निघाला. मागच्या आठवड्यात आडतीवर हळद घेऊन आलेल्या कवलापूरच्या एका शेतकऱ्याशी बोलताना आप्पांचा विषय निघाला. त्यांच्या आईला घरी ऑक्सिजन आहे, यूपीएस त्याच दुकानातला, पेटीला तसेच चार स्क्रू. रविवारी मी आणि इलेक्ट्रिशियन त्यांच्याकडं गेलो. काटा सोबत नेला होता. पहिली बॅटरी १३ किलो १०० ग्रॅम भरली. त्यांच्याकडं सिलिंडर नव्हता, त्याच संध्याकाळी मिरजेहून भाड्यानं आणून दिला, आणि पाना सुतळीनं सिलिंडरच्या मानेलाच बांधला. तक्रार आता दोघं मिळून दाखल करतोय.