रिलीजचं बटण कुणाच्या हातात: सिमँटिक-रिलीज की रिलीज-प्लीज?

कमिट म्हणजे कोडमधल्या बदलाची नोंद. तिचा मेसेज ठरलेल्या साच्यात लिहायची शिस्त प्रकल्पात रुजली, की आवृत्तीचा आकडा आणि चेंजलॉग (बदलांची यादी) हातानं लिहायचं काम सुटतं. मग प्रश्न उरतो यंत्राला किती मोकळीक द्यायची एवढाच. सिमँटिक-रिलीज आणि रिलीज-प्लीज ही दोन्ही साधनं तेच कमिट वाचतात आणि नवी आवृत्ती पॅच (दुरुस्ती), मायनर (नवी सोय) की मेजर (जुनं मोडणारा बदल) हे जवळपास त्याच नियमांनी ठरवतात. तिथे डावं-उजवं करण्यात अर्थ नाही.

सिमँटिक-रिलीज मेन ब्रँचवर (मुख्य शाखेत) बदल मर्ज होताच सीआयमध्ये (तपासण्या आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेत) आकडा ठरवतं, टॅग (त्या आवृत्तीची खूण) लावतं, एनपीएमवर (जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या भांडारात) पॅकेज पाठवतं आणि गिटहबवर रिलीज नोट टाकून मोकळं होतं. मध्ये माणूस नाही. रिलीज-प्लीज एक पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल सामील करायची विनंती) उघडून ठेवतं. त्यात नवा आकडा आणि चेंजलॉग असतो, कमिट येतील तसा तो बदलत जातो, आणि तुम्ही मर्ज कराल तेव्हाच टॅग पडतो.

कागदावर पहिलं साधन सरस वाटतं. मला खटकलं ते स्क्वॉश मर्जपाशी, म्हणजे पीआरमधले सगळे कमिट एकच करून सामील करण्यापाशी. गिटहबची मूळ सेटिंग अशी, की पीआरमध्ये एकच कमिट असेल तर मेसेजची पहिली ओळ पीआरच्या नावावरून नव्हे, त्या कमिटवरून घेतली जाते. नवख्या माणसाला सांगून तुम्ही पीआरचं नाव ‘फिक्स’ने सुरू करून घेता, नावाची तपासणी हिरवी होते, पण आतला कमिट ‘पार्सर अपडेट’ असाच असतो. मर्ज होतं आणि रिलीज निघतच नाही. हे निदान निरुपद्रवी.

उलट चूक महागात पडते. समजा, पीआरचं वर्णनही मेसेजमध्ये घ्यायची सेटिंग आहे, आणि बॉटने दुसऱ्या लायब्ररीच्या बदलांची जंत्री वर्णनात चिकटवली आहे. त्यातली एखादी ओळ ‘ब्रेकिंग चेंज:’ अशी सुरू झाली, की तुमच्या एपीआयला (इतरांचा कोड वापरतो त्या भागाला) धक्काही न लागता २.४.१ नंतर थेट ३.०.० बाहेर पडतं. टॅग पुसून सुटका नाही. तो कमिट इतिहासात असतोच, त्यामुळे पुढच्या खेपेला पुन्हा ३.०.०च निघतं, आणि एकदा वापरलेला आकडा एनपीएम परत घेत नाही, अनपब्लिश केलेला असला तरी. मग ती आवृत्ती डिप्रिकेट करा (‘वापरू नका’ अशी खूण लावा) आणि वापरणाऱ्यांना समजावत बसा.

रिलीज-प्लीजमध्येही नेमकी हीच चूक होते, पण ती पीआरच्या शीर्षकात ‘रिलीज ३.०.०’ म्हणून समोर येते. स्क्वॉश मर्ज वापरत असाल तर जुन्या, मर्ज झालेल्या पीआरच्या वर्णनात ‘बिगिन_कमिट_ओव्हरराइड’ आणि ‘एंड_कमिट_ओव्हरराइड’ यांच्यामध्ये योग्य मेसेज लिहायचा आणि वर्कफ्लो पुन्हा चालवायचा. आकडा सुधारतो. ठरावीक आकडाच हवा असेल तर कमिटच्या तळाशी ‘रिलीज-ॲज: २.५.०’ लिहिलं की झालं. (हे खुणेचे शब्द अर्थातच रोमन लिपीत टंकायचे.)

रिलीज-प्लीजचीही डोकेदुखी आहे. पब्लिश करणं त्याच्या कामात बसत नाही. ती पायरी ‘रिलीज_क्रिएटेड’ या आउटपुटवर अट घालून आपणच लिहायची. गिटहबच्या आयत्या टोकनवर (परवानगीच्या किल्लीवर) उघडलेल्या पीआरवर सीआय आपोआप चालत नाही, त्यामुळे सक्तीच्या तपासण्या असतील तर तो पीआर अडकून पडतो. गिटहब ॲपचं किंवा वैयक्तिक टोकन द्यावं लागतं. शिवाय एखाद्या गडबडीत मर्ज झालेल्या पीआरवर ‘ऑटोरिलीज: पेंडिंग’ हे लेबल तसंच राहिलं, तर पुढचा रिलीज पीआर उघडतच नाही. ते बदलून ‘ऑटोरिलीज: टॅग्ड’ करायचं. हे माहीत नसेल तर बराच वेळ लॉग चाळण्यात जातो.

सिमँटिक-रिलीजची एक बाजू मात्र मान्य करावीच लागेल. जुन्या १.x शाखेवर पॅच सोडायचे, बीटा वेगळ्या चॅनेलवर द्यायचा, हे त्याच्याइतकं सरळ रिलीज-प्लीजमध्ये जमत नाही. असल्या तीन-चार शाखा सांभाळणारा, सगळे मेंटेनर मुरलेले असलेला प्रकल्प असेल तर कदाचित तेच बरं. पण ०.x मध्ये रेंगाळायचं असेल तर ते साथ देत नाही, पहिलं रिलीज १.०.०च काढतं. आकडा पॅकेज फाइलमध्ये परत लिहायचा तर वेगळं प्लगइन आणि संरक्षित ब्रँचवर पुश करायची परवानगी लागते, जी सीआयला द्यायला माझा हात धजत नाही. एका रेपोत अनेक पॅकेजं असतील तरीही पारडं रिलीज-प्लीजकडेच झुकतं.

बाहेरून येणाऱ्या योगदानावर चालणाऱ्या प्रकल्पाला मी रिलीज-प्लीज सुचवेन. सिमँटिक-रिलीज सोडून तिकडे जाताना मॅनिफेस्ट फाइलमध्ये (रिलीज-प्लीज सध्याचा आकडा जिथे नोंदवतं तिथे) शेवटचा खरा आकडा आधी भरा आणि ‘इन्क्लूड-कंपोनंट-इन-टॅग’ बंद करा. नाहीतर टॅगच्या आधी पॅकेजचं नाव चिकटू शकतं, आणि आधीचे ‘व्ही२.४.१’ पद्धतीचे टॅग त्याला ओळखू येत नाहीत.