नाना पेठेतले १८० रुपयांचे फीलर गेज आणि मिसिंग करणारी बुलेट

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास मी १९९२ सालची, ओतीव लोखंडी इंजिनाची बुलेट ३५० घेतली, तेव्हा माझे यंत्रज्ञान सायकलची उतरलेली चेन चढवण्यापलीकडे जात नव्हते. (कायद्याच्या दृष्टीने ही गाडी अजून ‘विंटेज’ नाही, २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे त्यासाठी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे व्हावी लागतात. मात्र गाडीचा स्वभाव पाहता ही अट तिने वेळेआधीच पूर्ण केली आहे.) थंड असताना ती सात-आठ किका खाऊन सुरू होई, दहा-पंधरा मिनिटे बरी चाले आणि इंजिन तापले की मिसिंग करू लागे, म्हणजे मधले काही ठोके चुकवू लागे. चढावर तिचा दम जाई, सायलेन्सरमधून फटाके वाजत आणि सिग्नलला ती हमखास बंद पडे. अर्धा तास सावलीत उभी केली की जणू काही घडलेच नाही अशा थाटात पुन्हा सुरू होई.

हे परीक्षण ज्या वस्तूचे आहे ते फीलर गेज, म्हणजे बारीक फट मोजायच्या पातळ पात्यांची जुडी, मी त्यानंतर दोन महिन्यांनी घेतले. मधले दोन महिने आणि त्याच्या कितीतरी पट पैसे मी कार्बोरेटरवर घालवले. ज्याला त्याला लक्षणे सांगितली, की उत्तर एकच मिळे : ‘कार्बोरेटर खोला.’ म्हणून मी ऑनलाइन एक कार्बोरेटर किट मागवले. त्यातल्या जेटवरचे आकडे भिंगातूनही वाचता येत नव्हते, आणि फ्लोटच्या वाटीचे पॅकिंग हल्लीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलात आठवड्याभरात फुगून वाटीबाहेर डोकावू लागले. जुने पितळी जेट मी फेकले नव्हते, एवढे एकच शहाणपण त्या काळात माझ्या हातून घडले. तेच साफ करून पुन्हा बसवले. गाडी होती तशीच मिसिंग करत राहिली.

पैसे न खर्चता करण्याजोगी एक तपासणी मात्र मी वेळीच केली होती आणि ती प्रत्येक नवशिक्याने आधी करावी. गाडी बंद पडली की लगेच पेट्रोलच्या टाकीचे झाकण उघडावे. हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि गाडी चटकन सुरू झाली, तर झाकणातले हवेचे छिद्र बुजलेले असते. टाकीत निर्वात पोकळी तयार होते आणि पेट्रोल खाली उतरत नाही. माझ्या बाबतीत तसे नव्हते.

शेवटी ओळखीच्या एका वयस्कर मिस्त्रींनी, गाडीला हातही न लावता, विचारले, “पॉइंटचा गॅप कधी बघितलात?” मी निरुत्तर झालो. बुलेटच्या इंजिनाच्या उजव्या बाजूला एक गोल झाकण असते आणि त्याखाली सीबी पॉइंट, म्हणजे वीजप्रवाह जोडणारी-तोडणारी दोन तोंडे, असतात, हे मला त्या दिवशी कळले. कॅम (उंचवटा असलेला फिरता भाग) फिरतो, पॉइंट उघडतात, त्या क्षणी कॉइलमधला प्रवाह तुटतो आणि प्लगमध्ये ठिणगी पडते. पॉइंट किती उघडावेत याचे माप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर आहे, आणि ते डोळ्यांनी जोखता येत नाही.

फीलर गेज घ्यायला मी पुण्यातल्या नाना पेठेत गेलो. दुकानदार काकांनी विचारले, “मिलिमीटरची हवीय की थाऊची?” थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. मी दोन्ही मापे छापलेली, ०.०५ ते १.०० मिलिमीटरपर्यंतची २० पात्यांची जुडी निवडली. पैसे घेताना ते म्हणाले, “पॉइंटला लावणार असाल, तर आधी पाती पुसून घ्या बरं का साहेब.” मी मान डोलावली आणि घरी येईपर्यंत ते विसरलो.

नवी पाती गंजू नयेत म्हणून त्यांना तेल लावलेले असते. मी ०.४० ची तेलकट पात थेट पॉइंटमध्ये सरकवली, स्क्रू आवळले, समाधानाने झाकण लावले आणि किक मारली. गाडी सुरूच झाली नाही. आतापर्यंत निदान थंड असताना तरी सुरू होणारी गाडी मी १८० रुपये खर्चून पूर्णपणे बंद पाडली होती. पॉइंटच्या तोंडांवर तेलाचा पापुद्रा बसला की ती टेकूनही नीट जोडली जात नाहीत. दुसऱ्या दिवशी पेट्रोलात भिजवलेल्या फडक्याने पाती पुसली आणि कोऱ्या पुठ्ठ्याची पट्टी पॉइंटच्या फटीतून दोन-तीनदा ओढली. ती काळी होऊन बाहेर आली आणि मग गाडी सुरू झाली. ही चूक माझी, गेजची नव्हे. तरीही डबीवर एका ओळीची सूचना असती, तर बरे झाले असते.

आता मूळ मोजमापाकडे येतो. इंजिनातला दाब सोडणारा डीकॉम्पचा लिव्हर दाबून धरला आणि किक हाताने सावकाश खाली नेली, की कॅमचा उंचवटा पॉइंटच्या फायबरच्या टाचेखाली येतो. तिथे गॅप सर्वांत मोठा असतो, म्हणून माप तिथेच घ्यायचे. माझ्या गाडीत ०.२० ची पात जेमतेम शिरली आणि ०.२५ ची शिरलीच नाही. टाच कॅमवर घासून झिजली होती, कारण कॅमला ग्रीसचा थेंब कित्येक वर्षांत मिळालेला नव्हता. गॅप कमी झाला, की पॉइंट उशिरा उघडतात, ठिणगी उशिरा पडते, इंजिन तापते आणि ओढ कमी होते. दिवे घाटात दुसऱ्या गिअरमध्ये धापा टाकणाऱ्या माझ्या गाडीचे हे तंतोतंत वर्णन होते. ०.४० ची पात हलकेच घासून, लोण्यातून सुरी जावी त्यापेक्षा किंचित जड जाईल, इतका गॅप ठेवला. तो अंदाज बोटांना तिसऱ्या प्रयत्नात आला, कारण लॉकचा स्क्रू आवळताना पॉइंटची पट्टी थोडी सरकतेच. त्यामुळे आवळल्यावर माप पुन्हा घेणे अनिवार्य आहे.

हे काम करताना गाडीतच बसवलेले एक उपकरण गेजच्या मदतीला येते, ते म्हणजे हेडलाइटच्या वरचा अँपिअर मीटर. चावी चालू करून किक सावकाश फिरवली, की पॉइंट मिटलेले असताना काटा उण्याच्या बाजूला कलतो आणि ते उघडताच मध्यावर परततो. काटा हललाच नाही, तर प्रवाह कुठेतरी तुटला आहे. फक्त पॉइंट मिटलेले असताना चावी उगाच चालू ठेवू नये, कॉइल तापते.

गॅप लावल्यावर गाडी दुसऱ्या किकला सुरू होऊ लागली आणि स्लोचे ठोके एकसारखे पडू लागले. तरीही अर्ध्या तासाने थोडे मिसिंग उरलेच होते, आणि इथे या गेजची मर्यादा स्पष्ट होते. संध्याकाळी झाकण काढून गाडी चालू ठेवली, तेव्हा पॉइंटच्या फटीत लखलखीत ठिणग्या नाचताना दिसल्या. पॉइंटमधल्या ठिणग्या आवरणारा कंडेन्सर कमकुवत झाल्याची ती खूण होती. गेज कंडेन्सर तपासू शकत नाही. शिवाय जुन्या पॉइंटच्या एका तोंडावर खड्डा आणि दुसऱ्यावर टेंगूळ झालेले असेल, तर सपाट पात टेंगळावर टेकते आणि खरा गॅप तिच्या मापापेक्षा जास्त निघतो. मी पॉइंट आणि कंडेन्सर दोन्ही नवे बसवले, गॅप पुन्हा लावला आणि गॅप बदलला की टाइमिंगही (ठिणगी पडण्याची वेळ) बदलते म्हणून ते मात्र मिस्त्रींकडून तपासून घेतले. पुढे मागे चुकलेल्या टाइमिंगची उलटी किक घोट्यावर बसण्यापेक्षा त्यांची मजुरी परवडली. त्यानंतर सासवडपर्यंत जाऊन आलो, वाटेत एकदाही थांबावे लागले नाही.

वस्तू म्हणून पाहता गेजचा दर्जा किमतीच्या मानाने चांगला आहे. पात्यांवरचे आकडे कोरलेले आहेत, त्यामुळे पेट्रोलने पुसून जात नाहीत. पाती सरळ असल्याने पॉइंटच्या अडचणीच्या जागेत हात वाकडा करावा लागतो. टोकाशी वाकवलेल्या पात्यांचे गेज मिळाले, तर बुलेटवाल्यांनी ते घ्यावे. दांड्याचा नट वारंवार सैल होतो आणि सगळी पाती पंख्यासारखी उघडतात. प्लगचा गॅप ०.५० च्या पातीने लागतो, तेही काम होते. मात्र टॅपेटसाठी (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांतली फट मोजण्यासाठी) कोणी हे घेत असेल, तर या लोखंडी इंजिनाला त्याची गरज नाही : इंजिन थंड असताना पुशरॉड बोटांनी मोकळा फिरावा आणि वर-खाली हलू नये, एवढेच तिथे पाहायचे असते.

पाचपैकी चार तारे. एक तारा त्या सैल नटासाठी आणि पहिल्याच आठवड्यात वाकलेल्या ०.०५ च्या पातीसाठी कापला आहे, जरी त्या पातीचे माझ्या बुलेटला काहीच काम नाही.