अर्ध्या प्लॉटवर काय लावावं: स्ट्रॉबेरी, कोर्जेट की स्क्वॉश?

इंग्लंडात भाजीपाला पिकवायला भाड्याने मिळणाऱ्या जमिनीच्या तुकड्याला अलॉटमेंट म्हणतात. तिचा अर्धा प्लॉट म्हणजे साधारण १२५ चौरस मीटर. बटाटे, कांदे, मेथी-कोथिंबीर यांची जागा धरून झाली की उरलेल्या तुकड्यासाठी तीन नावं हमखास पुढे येतात. स्ट्रॉबेरी, कोर्जेट आणि स्क्वॉश. कोर्जेट म्हणजे भारतात जिला झुकिनी म्हणतात ती. स्क्वॉश म्हटलं की आपल्याला बाटलीतलं सरबत आठवतं, पण इथं तो शब्द डांगराच्या भाऊबंदांचा आहे: क्राउन प्रिन्स, उचिकी कुरी, बटरनट वगैरे.

बियाण्याच्या पाकिटावर अंतर, खोली, महिना सगळं छापलेलं असतं. प्लॉटवर किती वेळा जावं लागेल, ते मात्र कुठेच नसतं. घरामागच्या बागेत संध्याकाळी चपला सरकवून जाता येतं. अलॉटमेंटला नोकरी, मुलांच्या शाळा आणि पाऊस यांतून वेळ काढून जायचं, फाटकाचं कुलूप उघडायचं आणि टाकीतून झारीने पाणी वाहायचं. म्हणून या तिघांची तुलना मी किलोंपेक्षा फेऱ्यांत करतो. कोणाला हा हिशेब आळशी वाटेल, त्याला माझी हरकत नाही.

स्ट्रॉबेरी: आधी तण, मग जाळी

महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी डोळ्यांसमोर असेल तर एक गोष्ट डोक्यातून काढावी लागते. तिकडे पावसाळा सरताना नवी रोपं लावतात, उन्हाळ्यापर्यंत फळ घेतात आणि पुढच्या हंगामाला पुन्हा नवी रोपं आणतात. इथं तेच रोप हिवाळाभर झोपून राहतं, जूनमध्ये फळतं आणि तीन, फार तर चार वर्षं एकाच जागी बसतं. त्यामुळे वाफ्यात कूच ग्रास किंवा बाइंडवीड (झाडांना विळखा घालणारं वेलीचं तण) यांची मुळं राहिली असतील तर स्ट्रॉबेरी लावूच नये. कूच ग्रास ही आपल्या हरळीची इथली बहीण. तिची पांढरी मुळं स्ट्रॉबेरीच्या मुळांत गुंतली की रोप उपटल्याशिवाय सुटत नाहीत. नव्याने मिळालेल्या प्लॉटवर पहिल्याच वर्षी स्ट्रॉबेरी फसते ती बहुधा यामुळेच.

जागा स्वच्छ असेल तर काम सोपं आहे. १.२ × ३ मीटरच्या वाफ्यात दोन ओळी, ओळीत सात-आठ रोपं. उघड्या मुळांची रोपं ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरात लावली तर पुढच्या जूनला भरपूर फळ येतं. वसंतात लावली तर पहिल्या वर्षी हात राखूनच. लावताना रोपाचा गड्डा बरोबर मातीच्या पातळीला हवा. खाली गेला तर कुजतो, वर राहिला तर सुकतो. जातींपैकी हनीऑय लवकर येते, केंब्रिज फेवरिट मधल्या काळात, फ्लॉरेन्स उशिरा. दोन जाती मिसळल्या तर हंगाम लांबतो. नत्र जास्त झालं तर पानंच माजतात, म्हणून वसंताच्या सुरुवातीला थोडं सल्फेट ऑफ पोटॅश पुरे.

पेंढा फळं फुगून जमिनीला टेकायला लागली की घालायचा, आधी नाही. आधी घातला तर जमिनीची ऊब वर येत नाही आणि मे महिन्यातल्या एखाद्या फ्रॉस्टने फुलाचा मधला भाग काळा पडतो. तसं फूल वरून धडधाकट दिसतं, पण त्याला फळ धरत नाही.

खरा वैताग जाळीचा. ब्लॅकबर्ड फळ लाल व्हायच्या आदल्या दिवशीच येतात. कमानींवर जाळी ताणून, कडा दगड-विटांनी दाबून बसवावी लागते. सैल जाळीत पक्षी आणि हेजहॉग (अंगावर काटे असलेला छोटा प्राणी) अडकतात, आणि ते बघवत नाही. मग प्रत्येक तोड्याला एक कड उचला, वाकून तोडा, पुन्हा दाबा. पण हा वैताग जेमतेम चार आठवड्यांचा आहे, तोही शाळा सुरू असतानाचा. तोडा संपला की पानं जमिनीपासून १० सेंटिमीटरवर छाटायची, जुना पेंढा काढून टाकायचा आणि नको असलेले रनर (रोपाने जमिनीवरून सोडलेले लांब फुटवे) कापायचे. उन्हाळाभर थोडं थोडं फळ देणाऱ्या मारा दे ब्वासारख्या जाती चवीला अप्रतिम आहेत, पण त्यांची जाळी ऑक्टोबरपर्यंत निघत नाही.

कोर्जेट: दर दोन दिवसांनी

कोर्जेटबद्दल वाईट बोलणं अवघड आहे. एप्रिलअखेर ९ सेंटिमीटरच्या कुंडीत बी कडेवर उभं पेरा, खिडकीत ठेवा, फ्रॉस्टचा धोका टळल्यावर मेअखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला ९० सेंटिमीटर अंतरावर लावा. खाली दोन फावडी कुजलेलं शेणखत घाला, की जुलैपासून फळ सुरू. चारजणांच्या घराला दोन झाडं खरोखर पुरतात. तीन लावणारा माणूस ऑगस्टात ऑफिसमध्ये पिशव्या वाटताना दिसतो.

सुरुवातीला नरफुलंच येतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पहिली काही फळं टोकाकडून पिवळी पडून मऊ होतात, तो बहुतेक वेळा रोग नसतो. गारठ्यात मधमाश्या फिरत नाहीत आणि परागीभवन अर्धवट राहतं. अशी फळं लगेच खुडून टाकावीत. दरवर्षी हे होत असेल तर पार्थेनॉन ही जात लावून पाहा, तिला परागीभवनाची गरज नसते. पानांवर पिवळे-हिरवे डाग आणि सुरकुत्या दिसल्या तर तो मोझॅक विषाणू. झाड उपटून टाकण्याशिवाय इलाज नाही. डिफेंडर ही जात त्याला बऱ्यापैकी दाद देत नाही. आणि घरी धरलेलं बी शक्यतो पेरू नका. शेजारी शोभेचे भोपळे असतील तर संकर होतो आणि पुढच्या वर्षीची कोर्जेट कडू निघू शकते. कडू लागली तर थुंकून टाका, शिजवून खाऊ नका.

हे सगळं निभावतं. निभावत नाही तो तोडा. कोर्जेट १० ते १५ सेंटिमीटरची असताना तोडायची, आणि गरम हवेत ती दोन दिवसांत तिथवर पोचते. पान मोठं, देठ काटेरी, आत वाकून पाहिलं तरी एखादी सुटतेच. रविवारी नजरेतून सुटलेली कोर्जेट पुढच्या रविवारी हाताएवढा मॅरो झालेली असते. साल जाड, आत बिया, गर पाणचट. किसून थालीपिठात घालता येतो किंवा दुधीसारखी चणाडाळ घालून भाजी करता येते, पण दर आठवड्याला किती करणार? शिवाय फळात बी तयार व्हायला लागलं की झाडाच्या लेखी काम झालेलं असतं, ते नवी फुलं धरणं कमी करतं. म्हणजे एक तोडा चुकला की पुढचे दोनही पातळ होतात.

आता याच्यावर आपलं कॅलेंडर ठेवा. इथल्या शाळा जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सुटतात आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला भरतात. भारतात जायचं ते याच दिवसांत. म्हणजे कोर्जेटचा ऐन भर आणि तुमची चार-पाच आठवड्यांची गैरहजेरी, दोन्ही एकत्र. शेजारच्या प्लॉटवाल्याला ‘तोडून न्या’ म्हणता येतं, पण ऑगस्टात त्याच्याकडेही कोर्जेटच असते. परत येऊन पाहावं तर झाडाखाली चार मॅरो, पानांवर पांढरी भुरी आणि मधे फूल नाही. ज्यांना सुटीत कुठे जायचं नाही आणि प्लॉट चालत पाच मिनिटांवर आहे, त्यांनी हा परिच्छेद खुशाल सोडून द्यावा. बाकीच्यांसाठी माझ्या मते निकाल इथंच लागतो.

स्क्वॉश: जागा खातो, वेळ खात नाही

स्क्वॉशवर आक्षेप एकच, आणि तो खरा आहे. एका वेलीला दीड ते दोन मीटर जागा लागते आणि त्यातून मिळतात दोन ते चार फळं. किलोमागे जागा मोजणाऱ्याला हे परवडत नाही. पण पहिल्या-दुसऱ्या वर्षी अर्ध्या प्लॉटवर जागा कमी नसते, खणलेली जागा कमी असते. तिथं स्क्वॉश कामाला येतो. गवत कापून त्यावर जाड पुठ्ठा अंथरा (चिकटपट्टी काढून), भोक पाडून ३० सेंटिमीटर खोल-रुंद खड्डा करा, शेणखत आणि माती मिसळून भरा आणि त्यात रोप लावा. महिन्याभरात पानांची छत्री होते आणि खाली तण फारसं डोकं वर काढत नाही. शरद ऋतूत पुठ्ठा कुजतो आणि जमीन बरीच हलकी सापडते. कूच ग्रास याने मरत नाही, पण खणायला सोपं होतं.

घोड्याच्या लिदीचं खत फुकट मिळत असेल तर आधी त्यात चार वालाच्या बिया पेरून पाहा. पानं पिळवटलेली निघाली तर गवतावर मारलेलं तणनाशक खतात उतरलेलं आहे, ते परत करा.

पहिले पंधरा दिवस मात्र जपावं लागतं. स्लग (बिनशंखाच्या गोगलगायी) एका रात्रीत कोवळं रोप जमिनीसपाट करतात. तळ कापलेली दोन लिटरची बाटली टोपणाशिवाय रोपावर बसवली की बऱ्यापैकी निभावतं. रोपाशेजारी एक रिकामी कुंडी मातीत पुरून तिच्यात पाणी ओतायचं, म्हणजे ते थेट मुळाशी जातं. कोरड्या दिवसांत आठवड्याला वेलीमागे एक भरलेली झारी, ९ ते १० लिटर. भारतात जायच्या आदल्या दिवशी भरपूर पाणी देऊन वर कंपोस्टचा पाच-सात सेंटिमीटर थर द्यावा. ऑगस्ट फारच कोरडा गेला तर फळ लहान राहतं, भुरीही लवकर येते. पण फळ वाट पाहतं, आणि ते कोर्जेट कधी करत नाही. परत आल्यावर शेंडे खुडायचे, उशिरा धरलेली बारकी फळं काढून टाकायची आणि उरलेल्यांखाली कौलाचा तुकडा किंवा पेंढा सरकवायचा.

जातीत मात्र चूक करू नका. बटरनट दुकानात सगळ्यांत ओळखीचा, म्हणून सगळे तोच लावतात. इंग्लंडचा उन्हाळा त्याला अनेकदा पुरत नाही आणि ऑक्टोबरात फिकट हिरवी फळं हाती राहतात. लावायचाच तर बटरनटमधली हंटर ही जात. हॅलोविनचा मोठा नारिंगी भोपळा कोरायला ठीक, खायला पाणचट. उचिकी कुरी किलो-सव्वा किलोची, सालीसकट शिजते आणि साधारण पितृपक्षाच्या सुमारास भाजीला तयार असते. क्राउन प्रिन्स निळसर राखी, तीन-चार किलोचा. त्याचा गर इतका घट्ट की घारग्यांना कणीक कमी लागते.

काढणी पहिल्या फ्रॉस्टच्या आधी, देठ बुचासारखं कोरडं झाल्यावर. दोन्ही बाजूंनी वेलीचा तुकडा ठेवून इंग्रजी टीच्या आकारात कापा. उचलताना देठ धरू नका. देठ मोडलं की तिथूनच कुज सुरू होते. मग दहाएक दिवस उन्हाच्या खिडकीत, आणि नंतर १० ते १५ अंशांच्या कोरड्या खोलीत. शेडमध्ये नको, तिथं गारठतो आणि उंदीर येतात. क्राउन प्रिन्स मार्चपर्यंत सहज टिकतो, उचिकी कुरी नाताळ-जानेवारीत संपवावी.

मग वाटणी कशी?

माझ्या मते क्राउन प्रिन्सच्या दोन वेली, उचिकी कुरीच्या दोन, आणि तणमुक्त वाफा असेल तरच पंधरा स्ट्रॉबेरी. वाफा नसेल तर स्ट्रॉबेरी एक वर्ष थांबू शकते. कोर्जेट सोडवत नसेल तर एकच झाड घराच्या मागच्या दारी, ४०-५० लिटरच्या कुंडीत. तिथं चहाचा कप हातात घेऊन तोडा होतो. जायच्या आदल्या दिवशी बोटाएवढी कोर्जेटसुद्धा आणि उमललेली मादीफुलंही खुडून जावं, आठवडाभर तरी सवड मिळते.

आणि एप्रिलअखेर पेरताना प्रत्येक कुंडीला लेबल लावा, पेन्सिलीने, कारण शाई उन्हात उडते. कोर्जेट आणि स्क्वॉश यांची पहिली पानं हुबेहूब सारखी असतात, आणि दारातल्या कुंडीत क्राउन प्रिन्स निघाला की तो जुलैत शेजाऱ्याच्या कुंपणावर चढलेला असतो.