डॅन्यूबवर स्वस्तातली, ऱ्हाइनवर महागातली: दोन रिव्हर क्रूझनंतरचं आमचं मत

युरोपात नदीवरची आठवड्याची क्रूझ माणशी हजार-बाराशे युरोत मिळते आणि चार-साडेचार हजारांतही मिळते. नदी तीच, गावं तीच, बहुतेक ठिकाणी धक्काही तोच. मग तिप्पट-चौपट पैसे नेमके कशाचे, हे दोन्ही प्रकार करून पाहिल्यावर आणि मधे काही महिने गेल्यावर आता स्वच्छ दिसतंय. वसंतात आम्ही जर्मनीतल्या पासाऊहून निघून बुडापेस्ट करून परत पासाऊ, असा डॅन्यूबचा प्रवास कमी दराच्या एका जर्मन जहाजावरून केला. मग सप्टेंबरात बासेल ते ॲमस्टरडॅम ऱ्हाइनवर, दारूपासून टिपपर्यंत सगळं धरून असलेल्या महागड्या जहाजावरून. आम्ही जर्मनीतच राहतो. आई-बाबा पुण्याहून आले होते आणि दोन्ही वेळा सोबत होते. बाबा पंच्याहत्तरीचे, आईचा गुडघा दुखरा, दोघंही शाकाहारी. खाली जे लिहितेय ते याच नजरेतून.

निवड करणाऱ्यांना आधीच सांगते: जास्तीचे पैसे घालायचेच असतील तर केबिनच्या मजल्यावर घाला, जहाजाच्या ताऱ्यांवर नको. याला एक अपवाद आहे, तो नदीच्या पाण्याचा. त्यावर पुढे सविस्तर.

समुद्रातल्या क्रूझ केलेल्यांना वाटतं की महागडं जहाज म्हणजे मोठं जहाज. नदीवर तसं होऊच शकत नाही. ऱ्हाइनपासून माइनमार्गे डॅन्यूबपर्यंतच्या जलमार्गावर जे लॉक आहेत, म्हणजे जहाजाला पाण्यासकट वर-खाली करणारे दरवाजांचे हौद, ते 12 मीटर रुंद आहेत. त्यातून जायचं तर जहाज साधारण 11.4 मीटरपेक्षा रुंद बांधता येत नाही, आणि लांबी 135 मीटरवर थांबते. उंचीला पूल आडवे येतात. पूल बुटका असला की कप्तानाची खोली खाली दबते, छतावरच्या खुर्च्या-छत्र्या आडव्या होतात आणि सगळ्यांना खाली पाठवतात, मग तुम्ही कितीही पैसे भरलेले असोत. अमावॉटरवेज कंपनीचं 'अमामॅग्ना' जहाज तब्बल 22 मीटर रुंद आहे, पण म्हणूनच ते फक्त डॅन्यूबवर फिरतं.

म्हणजे दोन्हींचा सांगाडा सारखाच. फरक आहे तो आत माणसं किती, यात. वायकिंगच्या 135 मीटरच्या लाँगशिपवर 190 प्रवासी असतात, युनिवर्ल्डच्या तेवढ्याच लांबीच्या 'मारिया थेरेसा'वर 150, आणि टाउकच्या 135 मीटरच्या जहाजांवर 130. जाहिरातीतली संगमरवरी न्हाणीघरं बघण्याआधी हे आकडे बघा. महागड्या जहाजावर आम्हाला रोज जाणवलेली श्रीमंती हीच होती: जेवायला खिडकीजवळचं टेबल सहज मिळायचं, बसमध्ये शेजारची सीट रिकामी असायची, गाइडभोवती पंचवीस-तीसच्या वर माणसं नसायची. ऑर्किडची फुलं आणि उशांचा मेनू आता आठवतही नाही.

केबिनचं गणित मात्र नीट समजून घ्या. सगळ्यात खालच्या मजल्याची खिडकी पाण्यालगत, वर भिंतीला, न उघडणारी असते. किंमत पाहून मोह होतो. पण नदीची क्रूझ म्हणजे काठ सरकताना बघणं, आणि तो तिथून पलंगावर बसून दिसत नाही. मधल्या किंवा वरच्या मजल्यावर बहुतेक ठिकाणी फ्रेंच बाल्कनी मिळते, म्हणजे सरकणारं पूर्ण काचेचं दार आणि बाहेर फक्त कठडा. उभं राहायला जागा नसते, तरी दार उघडून खुर्ची ओढून बसलं की पुरे. डॅन्यूबवर आम्ही मधल्या मजल्यासाठी माणशी काही शे युरो जास्त भरले. त्या सबंध वर्षात सगळ्यात योग्य ठिकाणी गेलेले पैसे तेच. वाखाऊची दरी, दगडी बांधांवरचे द्राक्षांचे मळे, जर्दाळूची झाडं आणि ड्युर्नश्टाइनचा निळा-पांढरा मनोरा आईने पाय वर घेऊन, शाल पांघरून, आपल्या केबिनमधून पाहिला. वर टेकडीवर 1192 साली इंग्लंडच्या सिंहहृदयी रिचर्डला कैदेत ठेवलं होतं तो पडका किल्ला. बाबांनी त्याचा इतिहास आम्हाला दोनदा ऐकवला.

एक गोष्ट दोन्ही जहाजांवर सारखीच सोसावी लागते. धक्क्याला जागा कमी पडली की जहाजं एकमेकांना चिकटून उभी राहतात. मग चार हजार युरोच्या बाल्कनीतूनही शेजारच्या जहाजातला जर्मन गृहस्थ दात घासताना दिसतो, आणि पडदा ओढावा लागतो. रात्रीच्या आवाजाचंही तसंच. रुडेसहाइमला रेल्वेचे रूळ अगदी काठाजवळून जातात आणि मालगाड्या रात्रभर धावतात. तिथे झोप हलकी असणाऱ्यांनी कानात बोळे घालावेत, दुसरा उपाय नाही. इंजिन मागच्या बाजूला असतं, म्हणून शेवटच्या केबिन टाळा.

आता जेवण. आपल्या घरातल्या थोरांना घेऊन जाणाऱ्यांसाठी हाच कळीचा मुद्दा आहे. स्वस्त जहाजावर सकाळ-दुपार बुफे होता, रात्री बसून जेवण. पाव, चीज, सॅलड, बटाटे, चीजमधले श्पेट्झले म्हणजे मऊ जर्मन शेवया, वसंत असल्याने पांढरी शतावरी (ॲस्परॅगस): उपाशी कोणी राहिलं नाही. पण 'शाकाहारी' लिहिलेलं सूप मांसाच्या उकळीवर केलेलं असू शकतं, बटाट्याच्या सॅलडमध्ये बेकनचे तुकडे निघू शकतात, थंड गोड पदार्थांत जिलेटिन असतं. हे सगळं मी रोज स्वयंपाकघरात जाऊन जर्मनमध्ये विचारत होते. ज्यांना जर्मन येत नाही त्यांनी बुक करतानाच लेखी कळवावं आणि पहिल्या संध्याकाळी मुख्य वेटरला गाठावं. तिसऱ्या दिवशी आईने मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी बाहेर काढली, आणि साध्या भाताची वाटी मागितल्यावर त्यांनी ती आनंदाने आणून दिली.

महागड्या जहाजावर शेफ पहिल्याच रात्री टेबलाशी आला. काय चालतं, काय नाही, कांदा-लसूण चालतो का, इथपर्यंत विचारलं. दुसऱ्या दिवसापासून आमच्यासाठी वेगळं ताट येत होतं, त्यात एकदा चक्क मुगाची आमटी, फोडणीसकट. बाबांच्या डोळ्यांत दिसलेलं समाधान खरं होतं, आणि ते किमतीचा एक भाग होतं हे मी मान्य करते. त्यासाठी तिप्पट पैसे मात्र मी परत देणार नाही. जो स्वयंपाकी मनापासून विचारतो तो मधल्या दराच्या जहाजावरही असतो. बुकिंगच्या आधी कंपनीला शाकाहारी जेवणाबद्दल ईमेल करा आणि उत्तर किती तपशिलात येतं ते पाहा.

भाषेचा मुद्दा कोणी बोलत नाही. जर्मन बाजारपेठेसाठीच्या जहाजावर घोषणा, व्याख्यानं, सहली सगळं जर्मनमध्ये. आई-बाबांसाठी मी दुभाषी झाले होते, आणि काही संध्याकाळी ते दोघं नुसतेच हसून बसायचे. महागड्या जहाजावर सगळं इंग्रजीत, कानात लावायचं यंत्र प्रत्येकाला, आणि चालण्याच्या वेगाप्रमाणे वेगवेगळे गट. हळू चालणाऱ्यांच्या गटात आई पहिल्यांदा कुणाची वाट न अडवता शहर बघू शकली. पुण्याहून थेट येणाऱ्यांनी, जर्मन येणारं कोणी सोबत नसेल तर, इंग्रजी जहाजच घ्यावं. इंग्रजीतही मध्यम दराच्या कंपन्या आहेत.

सहलींचे वेगळे पैसे भरावे लागतात म्हणून स्वस्त जहाज शेवटी महाग पडतं, असं ऐकलं होतं. आमचा अनुभव उलटा आहे. व्हिएन्नात बहुतेक जहाजं राइशब्रुके पुलाजवळ लागतात. तिथून काही मिनिटांवर फोरगार्टनश्ट्रासं हे मेट्रोचं स्टेशन, आणि यू-1 ने चौथं स्टेशन म्हणजे श्टेफान्सप्लाट्झ, थेट मोठ्या चर्चच्या दारात. ब्रातिस्लाव्हात जुनं गाव धक्क्यापासून चालत. बुडापेस्टला तर जहाज शहराच्या मध्यातच असतं. स्ट्रासबुर्गसाठी जहाज जर्मनीच्या बाजूला केल या गावी थांबलं तरी 2017 पासून ट्राम नदी ओलांडून जाते. कंपनीची सहल घ्यावी ती मेल्कच्या मठासारख्या ठिकाणी, जिथे चढ आहे आणि आतलं काही सांगणारा माणूस हवा, किंवा हायडेलबर्गसारखं गाव ऱ्हाइनपासून दूर असेल तेव्हा.

लिफ्टबद्दल नीट चौकशी करा. स्वस्त जहाजावर नव्हतीच. महागड्यावर होती, पण ती छतापर्यंत जात नव्हती. आईला छतावर जाताना दोन्हीकडे जिनाच चढावा लागला. आणि जहाजं चिकटून उभी असली की शेजारच्या जहाजाचे जिने चढून-उतरून काठावर जावं लागतं, ते वेगळंच.

आता पाणी. काउब नावाच्या गावाजवळ ऱ्हाइनचा तळ उथळ आणि खडकाळ आहे, आणि तिथल्या मोजपट्टीवर सगळ्या जहाजवाल्यांचा डोळा असतो. ऑक्टोबर 2018 मध्ये ती 25 सेंटिमीटरवर आली होती, ऑगस्ट 2022 मध्ये 32 च्या आसपास. पट्टीवरचा आकडा म्हणजे नदीची खोली नव्हे. पट्टी 78 दाखवते तेव्हा जहाजांच्या वाटेत साधारण 1.90 मीटर पाणी असतं. तरीही आकडा फार खाली गेला की भरलेलं प्रवासी जहाज तिथून जाऊ शकत नाही. गंमत अशी की बिंगेन-रुडेसहाइम ते कोब्लेन्झ हाच सगळ्यात देखणा टप्पा, किल्ल्यामागून किल्ले, 2002 पासून जागतिक वारसा, आणि अडचणही तिथेच.

आमच्या सप्टेंबरात पाणी उतरलं. महागड्या कंपनीने आदल्या दिवशी स्पष्ट सांगितलं: जहाज पुढे जाणार नाही, खालच्या बाजूने आमचंच जुळं जहाज वर येतंय, प्रवासी बदलायचे. सामान खोलीतच ठेवलं, बसने दरीतून निघालो, वाटेत लोरेलाइच्या कड्यावर थांबलो. नदीपासून 132 मीटर उंचावरून ते वळण पाहिलं. संध्याकाळी दुसऱ्या जहाजावर त्याच क्रमांकाच्या केबिनमध्ये आमच्या बॅगा पोचलेल्या होत्या आणि शेफच्या हातात आमच्या जेवणाची चिठ्ठी होती. त्याच आठवड्यात ओळखीचं एक कुटुंब एका कमी दराच्या जहाजावर होतं. त्यांचं जहाज एकाच धक्क्यावर थांबून राहिलं, रोज लांबलचक बस प्रवास, आणि पुढची गावं गाळली गेली. त्या कंपनीकडे त्या पट्ट्यात दुसरं जहाज नव्हतं. महागड्या तिकिटाचा मला पटलेला भाग हाच. बुक करताना विचारायचा प्रश्नही हाच: पाणी उतरलं किंवा चढलं तर तुमचं दुसरं जहाज कुठे असतं?

तरी यासाठीही तिप्पट किंमत हा एकच मार्ग नाही. ऱ्हाइनला आल्प्सच्या बर्फाचं पाणी उन्हाळ्याच्या सुरुवातीला येतं, त्यामुळे मे-जूनमध्ये टंचाईची भीती कमी असते. उन्हाळा सरताना आणि शरदात ती वाढते. डॅन्यूबवर श्ट्राउबिंग ते फिल्सहोफेन हा धरणाविना वाहणारा पट्टा अडचणीचा, आणि पासाऊहून निघालात तर तो मागेच राहतो. पुराचा धोका कोणी टाळू शकत नाही. जून 2013 मध्ये पासाऊत पाणी 12.89 मीटरवर गेलं होतं, आणि सप्टेंबर 2024 च्या पुरात डॅन्यूबवरची जहाजं अडकून पडली होती. जर्मनीतल्या पाणीपातळ्या 'एल्विस' या सरकारी संकेतस्थळावर रोज दिसतात. निघण्याआधी दोन आठवडे बघत जा. युरोपातल्या कंपनीकडून पॅकेज घेतलं असेल तर निघण्यापूर्वी मुख्य कार्यक्रमात मोठा बदल झाल्यास दंडाविना रद्द करण्याचा हक्क युरोपीय नियमांत आहे. मुंबईच्या एजंटकडून घेताना कुठला कायदा लागू होतो ते आधी लेखी घ्या.

दारूचं सांगायचं तर, आमच्यात पिणारे दोघंच, तेही एखादा पेला. त्यामुळे 'सगळं फुकट' याचा आम्हाला काही लाभ नव्हता. स्वस्त जहाजावर पेयांचं बिल किरकोळ झालं, आणि टिप शेवटच्या दिवशी पाकिटात घालून दिली, दिवसाला माणशी दहा युरोच्या हिशोबाने. जहाजावर काम करणारी मुलं रोमानिया, हंगेरी, फिलिपाइन्सची होती. बाबांना जिन्यावर हात देणारा मुलगा स्वस्त जहाजावरचाच होता, आणि त्याने हे रोज, न सांगता केलं.

व्हिसाचं एवढंच: बासेल ते ॲमस्टरडॅम आणि पासाऊ ते बुडापेस्ट दोन्ही पूर्ण शेंगेनमध्ये येतात, त्यामुळे एकच व्हिसा पुरतो. विमा किमान 30,000 युरोचा लागतो. डॅन्यूबवर पुढे बेलग्रेडपर्यंत जायचं असेल तर सर्बिया शेंगेनबाहेर आहे, आणि परत येताना दुसरा प्रवेश मोजला जातो. म्हणून व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचाच मागा.

पुढच्या मे महिन्यात आई-बाबा परत येतायत. या वेळी मोझेल घेतली आहे, कोखेम आणि बेर्नकास्टेलवरून ट्रिअरपर्यंत. कोब्लेन्झ ते ट्रिअर या नदीवर दहा लॉक आहेत, त्यामुळे पाणी अडवलेलं राहतं आणि काउबसारखी धास्ती नाही. जहाज साधंच आहे, पण त्यावर इंग्रजी बोलणारी माणसं आहेत, लिफ्ट आहे, आणि केबिन मधल्या मजल्यावर, इंजिनापासून लांब, फ्रेंच बाल्कनीची. सूप कशावर शिजवतात हे विचारणाऱ्या ईमेलला त्यांच्या स्वयंपाकघरातून पानभर उत्तर आलं, म्हणून लगेच आगाऊ रक्कम भरून टाकली.